गोधडीचें मोल

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त घुग्घुस येथें भरलेल्या स्त्रियांच्या सभेंत केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या दिवशीं धर्मगुरूनें इमारतींविषयीं बोलावें अशी वहिवाट आहे. पायाचा दगड कोणी बसविला, घंटा कोठून आली, छप्पर केव्हां बदललें, हें सर्व ह्या पुस्तिकेंत अन्यत्र छापलेलें आहेच. आम्हांस आज निराळ्या विषयावर बोलावयाचें आहे. तो विषय ह्या सभागृहाच्या जमिनीवर अंथरलेला आहे, आणि तुमच्यापैकीं पुष्कळ जणी ह्या क्षणीं त्यावरच बसल्या आहेत. तो विषय म्हणजे गोधडी.

हा विषय आम्हीं सहज निवडलेला नाहीं. गेल्या पावसाळ्यापासून आपल्या शिवणमंडळांत एक प्रश्न उभा आहे. एका व्यापाऱ्यानें एकाच मापाच्या व एकाच नमुन्याच्या शंभर गोधड्या दिवाळीपूर्वीं मागितल्या. कापड तो देणार, नक्षी तो ठरविणार आणि मजुरी नगामागें ठोक देणार. कांहीं भगिनींस हें पसंत आहे, कांहींस मुळींच नाहीं. एकीनें आम्हांस सांगितलें, "फादर, मैत्रीनें चूल पेटत नाहीं." दुसरीनें सांगितलें, "फादर, आठवड्यांत ही एकच दुपार आमची आहे. ती विकली तर मग उरलें काय?" दोघींचेंही बोलणें खरें आहे, आणि म्हणूनच हा वाद कठीण आहे. सांगावयास खेद होतो कीं, बुधवारीं दुपारीं आतां एका सतरंजीच्या ठिकाणीं दोन सतरंज्या पडूं लागल्या आहेत. तेव्हां ह्या मंगल प्रसंगीं मोकळेपणानें बोलणें हें आमचें कर्तव्यच होय.

प्रथम ही वस्तु काय आहे तें पाहूं. कारण जी वस्तु आपण रोज अंथरतों तिचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. लुगडें विरलें, धोतर फाटलें, म्हणजे आपल्या आज्या तें फेंकून देत नसत. जीर्ण भाग कापून काढावा, धड भाग धुऊन उन्हांत वाळवावा, तीन-चार थर एकावर एक अंथरावे, तळहातानें सुरकुत्या काढाव्या, कच्च्या टाक्यांनीं थर एकमेकांस टाचून घ्यावे, आणि मग धावदोऱ्याच्या ओळी घालीत जावें, असा हा क्रम आहे. ह्यांत सहज न दिसणारी गोष्ट अशी कीं, ऊब कापडापेक्षां थरांच्या मध्यें कोंडलेल्या हवेंत अधिक असते. टाके त्या थरांस सरकूं देत नाहींत, म्हणून ती हवा जागच्या जागीं राहते. जिचे टाके विरळ, तिचे थर धुण्यांत गोळा होतात. जिचे टाके फार गच्च, ती ताठ होऊन बसते. बेताचें अंतर राखणें हीच ह्या कामांतली खरी कारागिरी.

बाहेरगांवचा पाहुणा विचारील, जेथें मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या पुढें जातो, तेथें गोधडीचें काय काम? त्यानें पौष महिन्यांतली एक रात्र ह्या भागांत काढावी, म्हणजे त्याचें त्यासच उत्तर मिळेल. उन्हाळ्यांतही खाटेवर तीच अंथरली जाते, कारण जुनें सुती कापड घाम टिपतें. आणि मूल जन्मास आलें कीं तें कोऱ्या कापडांत नव्हे, तर आजीच्या लुगड्याच्या दुपट्यांत गुंडाळलें जातें. शंभर वेळां धुतलेल्या सुती कापडाचा मऊपणा दुकानांत विकत मिळत नाहीं.

आतां तिच्या नांवांकडे पाहा. घुग्घुस हें खाणीचें गांव. कोळशानें येथें नाना मुलखांचीं माणसें आणलीं. वर्धा नदीच्या ह्या कांठीं आपण, पलीकडे वणीची बाजू, दक्षिणेस तेलुगु मुलूख, पूर्वेस छत्तीसगड. शिवाय बिहारांतून व केरळांतून आलेलीं कुटुंबें. बुधवारच्या बैठकींत जिला एक भगिनी गोधडी म्हणते, तिलाच दुसरी वाकळ म्हणते, तेलुगु भगिनी बोंत म्हणते, छत्तीसगडची कथरी म्हणते आणि बिहारची सुजनी म्हणते. संस्कृतांत कन्था असा शब्द आहे. कथरी व बंगालचा कांथा हीं त्याचींच लेंकरें होत. भाषा इतक्या, परंतु टाका एकच. सुई कापडाखालीं जाते व वर येते, इतकेंच त्याचें व्याकरण आहे, आणि तें शिकण्यास दुभाषी लागत नाहीं. आपल्या कित्येक भगिनी ह्या गांवीं आल्या तेव्हां त्यांस मराठीचें एक अक्षर येत नव्हतें; त्यांची पहिली मैत्री सुईदोऱ्यावर झाली, बोलणें मागाहून आलें. तिन्ही पाळ्यांच्या भोंग्यांवर चालणाऱ्या आणि दोरीवर वाळत घातलेलें पांढरें कापड सायंकाळीं काळवंडून टाकणाऱ्या ह्या गांवांत शेजारधर्म आपोआप उपजत नाहीं. तो टाक्याटाक्यानें घालावा लागतो.

कोणी म्हणेल, चिंध्यांचें एवढें कौतुक कशास? त्यास आम्ही आपल्याच विदर्भाचें उदाहरण देतों. अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांव येथें जन्मलेले गाडगेबाबा (१८७६ ते १९५६) अंगावर चिंध्या जोडलेलें वस्त्र घालीत. लोक त्यांस गोधडेबाबा असेंही म्हणत. त्या वस्त्रानें ते कधींही लाजले नाहींत. गांवोगांव खराटा हातीं घेऊन त्यांनीं रस्ते झाडले, आणि लोकांनीं दिलेल्या पैशांतून धर्मशाळा व शाळा उभ्या केल्या. ठिगळ हें दारिद्र्याचें चिन्ह खरेंच. परंतु तें काळजीचेंही चिन्ह आहे. ज्या वस्तूची कोणास पर्वा नाहीं, तिला ठिगळ लावीत कोणी बसत नाहीं.

आणि आपल्या प्रभूसही हें काम ठाऊक होतें. कोरें, न धुतलेलें कापड जुन्या वस्त्रास जोडूं नये, असा दाखला शुभवर्तमानांत आहे. प्रवचनकार त्याचा गूढार्थ सांगतात, तो योग्यच आहे. परंतु त्याचा सरळ अर्थ शिवणाऱ्या बाईस अधिक लवकर कळतो. कोरें सुती कापड पहिल्या धुण्यांत आटतें. जुनें आधींच आटून बसलेलें असतें. म्हणून नवें ठिगळ जुन्यास ओढतें आणि पहिल्यापेक्षां मोठें भोंक पडतें. हा दाखला ज्यानें दिला त्यानें घरांत कोणास तरी शिवतांना पाहिलें असलें पाहिजे, असें आम्हांस नेहमीं वाटतें.

गोधडींत ऊब असते, तशी आठवणही असते. १९४७ च्या फाळणीनंतर पूर्व बंगाल सोडून आलेल्या कुटुंबांचीं गांवें गडचिरोली जिल्ह्यांत चामोर्शी व मुलचेरा ह्या तालुक्यांत आहेत. त्यांच्या मूळ मुलखांतील कवि जसीमुद्दीन ह्यांनीं १९२९ सालीं एक दीर्घ काव्य प्रसिद्ध केलें. त्यांतली नायिका नवऱ्याच्या वियोगांत आपली सारी कहाणी एका कांथ्यावर टाक्यांनीं भरते, आणि मेल्यावर तो आपल्या कबरीवर पसरावा, असें सांगून ठेवते. जें तोंडानें सांगवत नाहीं तें हातानें सांगतां येतें, हें ह्या कथेचें मर्म. आपल्या बैठकींतही असेंच घडतें. मान खालीं घालून शिवतां शिवतां एखादी भगिनी जें बोलून जाते, तें ती समोरासमोर बसून कधींच बोलली नसती. म्हणून "दुपार विकूं नये" असें म्हणणाऱ्या भगिनीस आम्ही हट्टी म्हणत नाहीं.

परंतु चुलीचा प्रश्न राहतोच. ज्या घरीं कर्ता पुरुष गेला, किंवा ठेकेदारीचें काम आज आहे व उद्यां नाहीं, त्या घरच्या भगिनीस आठवणींचें व्याख्यान देऊन पाठविणें हा अन्याय होईल. म्हणून आम्हीं पाटी घेऊन हिशेब मांडला. तो ऐका.

पांच फूट रुंद व सात फूट लांब गोधडी घ्या. ओळींमध्यें अर्धा इंच अंतर ठेवलें, तर साठ इंचांच्या रुंदींत १२० ओळी बसतात. प्रत्येक ओळ ८४ इंचांची. म्हणजे एकूण १०,०८० इंच, अर्थात् ८४० फूट शिवण झाली. इंचास चार टाके धरले तर ४०,३२० टाके. सराईत हात मिनिटास पंधरा टाके घालील असें मानलें, तरी २,६८८ मिनिटें, म्हणजे सुमारें ४५ तास लागतात. कापणें, धुणें, टाचणें व सुईंत दोरा ओवणें ह्यांत धरलेलें नाहीं. आठ तासांचा दिवस धरिला तर एका गोधडींत एका बाईचे साडेपांच दिवसांहून अधिक श्रम आहेत.

आतां शंभर गोधड्यांचा गुणाकार करा. ४,५०० तास झाले. आपल्या मंडळांत अठरा भगिनी आहेत व बुधवारीं तीन तास बसतात. म्हणजे आठवड्याचे ५४ तास. ४,५०० ला ५४ नें भागिलें असतां ८३ आठवडे येतात. दीड वर्षाहून अधिक! दिवाळीपूर्वीं हें काम व्हावयाचें तर तें रात्रीं दिव्याखालीं, घरचें सर्व आटोपून, डोळे फोडून व्हावें लागेल. आणि नगामागें जी रक्कम सांगण्यांत आली आहे तिला ४५ नें भागून पाहा, म्हणजे तासाचे किती पडतात तें कळेल. हा भागाकार प्रत्येकीनें स्वतः करावा, म्हणून उत्तर आम्ही सांगत नाहीं. मागणीस होकार द्यावा कीं नकार द्यावा, ह्यावर आपण तीन महिने भांडलों; परंतु भाव कोणीं व कसा ठरवावा, हा प्रश्न कोणी काढलाच नाहीं. खरा प्रश्न तोच आहे.

हा प्रश्न इतरांपुढेंही आलेला आहे. दोन उदाहरणें देतों. एक आपल्या देशांतलें व एक परदेशांतलें.

गोवा व बेळगांव ह्यांच्या पलीकडे उत्तर कन्नड जिल्ह्यांत हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड ह्या जंगलपट्टीच्या तालुक्यांत सिद्दी लोक राहतात. त्यांच्यापैकीं पुष्कळांचे पूर्वज पोर्तुगीजांच्या अमलांत आफ्रिकेंतून गुलाम म्हणून गोव्यास आणले गेले, आणि तेथून निसटून ह्या रानांत आले. त्यांत ख्रिस्ती आहेत, मुसलमान आहेत व हिंदुही आहेत. २००३ सालीं त्यांस अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. त्यांच्या स्त्रिया जी गोधडी करतात तिला कवंदी म्हणतात. खालीं एक लुगडें पसरून त्या एका कोपऱ्यापासून आरंभ करतात, ठिगळांच्या कडा दुमडीत व शिवीत चारी बाजूंनीं फिरत फिरत मध्याकडे येतात. कोपऱ्यांत त्रिकोणी घड्यांचें फूल बसविल्यावांचून ती पुरी झाली असें मानीत नाहींत. कॅथोलिक भगिनींच्या कवंदीवर पुष्कळदां क्रूस दिसतो, मुसलमान भगिनींच्या कवंदीवर चंद्रकोर दिसते. कड मात्र दोघींची सारखीच चालते. हेन्री ड्रूअल नांवाच्या अमेरिकन पंडितानें त्यांचें काम अभ्यासिलें व त्यांची सहकारी मंडळी उभी करण्यास साह्य केलें. २०११ सालीं त्यांच्या कवंदींचें प्रदर्शन न्यूयॉर्क येथील शोम्बर्ग केंद्रांत भरलें. त्यांनीं आपलें काम विकलें, पण आपली नक्षी सोडली नाहीं, ही गोष्ट ध्यानांत घ्यावी.

दुसरें उदाहरण अमेरिकेंतील अलाबामा संस्थानाचें. तेथें नदीच्या एका वळणावर जीज बेंड नांवाची वस्ती आहे. कापसाच्या मळ्यावर राबलेल्या गुलामांचे वंशज तेथें राहतात. मतदानाचा हक्क मागितला म्हणून त्या भागांतल्या कित्येक कुटुंबांस घरांस व कामास मुकावें लागलें. १९६६ सालीं फ्रान्सिस वॉल्टर नांवाच्या एका एपिस्कोपल धर्मगुरूच्या साह्यानें तेथील स्त्रियांनीं फ्रीडम क्विल्टिंग बी ही गोधड्यांची सहकारी संस्था काढली. मोठ्या दुकानांच्या मागण्या येऊं लागल्या. परंतु दुकानास प्रत्येक नग मोजून सारखा पाहिजे होता. १९७२ सालीं सीअर्स ह्या कंपनीनें कॉर्डरॉयच्या उशांचे अभ्रे शिवण्याचें काम दिलें. त्यानें घरांत रोख पैसा आला, ही लहान गोष्ट नव्हे. पण त्या स्त्रियांनीं आणखी एक गोष्ट केली. अभ्र्यांतून उरलेले कॉर्डरॉयचे तुकडे त्यांनीं घरीं नेले आणि आपल्या मनाच्या नमुन्यानें त्यांच्या गोधड्या केल्या. २००२ सालीं ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयांत जीज बेंडच्या ज्या गोधड्या भिंतीवर टांगल्या गेल्या, त्या दुकानासाठीं मोजून केलेल्या नव्हत्या. घरच्या माणसांस थंडी वाजूं नये म्हणून केलेल्या होत्या. २००६ सालीं त्यांच्यापैकीं दहा गोधड्यांचीं चित्रें अमेरिकेच्या टपालतिकिटांवर आलीं. अभ्र्यांनीं पोट भरलें, गोधड्यांनीं नांव राखलें. दोन्ही कामें त्याच हातांनीं केलीं होतीं.

ह्या दोन उदाहरणांवरून आम्हांस जें सुचतें तें आतां थोडक्यांत सांगतों.

पहिलें, काम घ्यावें; परंतु आपल्या हिशेबानें घ्यावें. नगाचा भाव सांगण्यापूर्वीं तासांचा भाव मांडावा. व्यापाऱ्यास पाटी दाखवावी व सांगावें, इतके टाके, इतके तास, म्हणून इतकी मजुरी. शंभर होणार नाहींत. दिवाळीपर्यंत ज्या दोन-चार होतील त्यांचा आगाऊ करार करूं. तो तयार झाला नाहीं, तर त्यानें आपली मैत्री वांचविली असें समजावें.

दुसरें, यंत्राचा विटाळ मानूं नये. १८५१ सालीं सिंगर ह्यानें आपल्या शिवणयंत्राचें पेटंट घेतलें, तेव्हांपासून त्या यंत्रानें असंख्य विधवांचे संसार चालविले आहेत. कडेची पट्टी यंत्रावर शिवल्यानें पाप लागत नाहीं. मात्र यंत्राची गोधडी हाताची म्हणून विकूं नये. खोटा टाका धुण्यांत उघडा पडतो.

तिसरें, कापड पारखून घ्यावें. आजकाल घरोघरीं कृत्रिम धाग्यांच्या साड्या आहेत. त्या दिसावयास चांगल्या, परंतु घाम टिपीत नाहींत व थर म्हणून घातल्या तर सरकतात. लहान मुलाच्या दुपट्यास सुती कापडच वापरावें, मग त्याचा रंग कितीही उडालेला असो.

चौथें, विक्रीचें काम बुधवारीं करूं नये. ज्यांस पैशांची गरज आहे त्यांनीं त्यासाठीं दुसरा वार ठरवावा. सभागृहाची किल्ली आम्ही देऊं, पंख्याचें व दिव्याचें बिल धर्मग्राम भरील. बुधवारची दुपार जशी होती तशीच राहील. त्या दिवशीं जी गोधडी होईल ती विकावयाची नाहीं. गांवांत ज्या घरीं मूल जन्मेल किंवा ज्या घरीं दुःख येईल त्या घरीं ती पोंचवावयाची, आणि तेव्हां त्या घरच्या धर्माची विचारपूस करावयाची नाहीं.

पांचवें व शेवटचें, सतरंजी एकच असावी. विक्रीच्या वारीं न येणारीनें येणारीस लोभी म्हणूं नये; येणारीनें न येणारीस आळशी म्हणूं नये. एकीचे दोन टाके वांकडे पडले म्हणून दुसरीनें ते पाठीमागें उसवूं नयेत. आपल्या मंडळांतल्या जुन्या गोधड्या आम्हीं नीट पाहिल्या आहेत. कोणाचा टाका कोणता हें त्यांत ओळखतां येतें. बारीक टाक्याशेजारीं जाड टाका आहे, सरळ ओळीशेजारीं तिरकी ओळ आहे. परंतु थर धरून ठेवण्याचें काम दोन्ही टाके सारखेंच करीत आहेत, आणि जो अंग झांकून निजतो त्यास कोणता टाका कोणाचा हें विचारण्याचें सुचतही नाहीं.

प्रेषितांच्या कृत्यांत यापो नगरांतील टबीथेची गोष्ट आहे. ती वारली तेव्हां संत पेत्रास बोलावून आणण्यांत आलें. तेथें जमलेल्या विधवांनीं त्यास तिच्या देणग्यांची यादी वाचून दाखविली नाहीं, तिच्या गुणांवर भाषणही केलें नाहीं. तिनें त्यांच्यासाठीं शिवलेलीं वस्त्रें त्या रडत रडत त्यास दाखवूं लागल्या. एका बाईच्या आयुष्याची ह्याहून चांगली साक्ष कोणती असेल? त्या विधवांनीं तीं वस्त्रें विकत घेतलीं होतीं कीं दान म्हणून घेतलीं होतीं, हें ग्रंथांत स्पष्ट सांगितलेलें नाहीं. तीं तिच्या हातचीं होतीं, एवढेंच पुरेसें झालें.

आपल्या ह्या इमारतीच्या भिंती कोळशाच्या धुळीनें पुन्हां काळ्या होतील व पुन्हां रंगवाव्या लागतील. त्या रंगविण्यास वर्गणी जमेल, ह्याची आम्हांस चिंता नाहीं. आम्हांस चिंता आहे ती येत्या बुधवारची. त्या दुपारीं सभागृहांत एकच सतरंजी पडावी, अठराही जणींनीं तिच्यावर बसावें, आणि अर्धी राहिलेली ती निळ्या कांठाची गोधडी ज्या ओळीपाशीं थांबली आहे तेथून पुढें चालूं करावी, एवढीच ह्या ज्युबिलीची आमची मागणी आहे. परमेश्वर तुमच्या हातांच्या कामास यश देवो.